न आलेल्या पाण्याची रेघ

गंगव्वा अनवाणी उभी राहिली, पदर कमरेला खोचला आणि उजवा तळहात गळ्याशी आडवा धरला.

"हितं," ती म्हणाली. "हितपतोर आलतं."

अल्लाउद्दीन गवंडी तिच्या शेजारी बांबू धरून उभा होता. त्यानं बोट चुन्याच्या डबड्यात बुडवलं, तिच्या हाताच्या रेषेत बांबूवर पांढरा पट्टा ओढला आणि एक डोळा मिटून तो बघितला.

"नक्की न्हवं, अव्वा?"

"नक्की म्हंजे? मी खोटं सांगतो व्हय?"

आमच्या गावात जोतं घालायच्या आधी पाणी दाखवावं लागतं. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस जागेवर उभं राहतं, आपल्या उभ्या आयुष्यात बघितलेला सगळ्यात मोठा पूर कुठवर आला ते अंगावर हात ठेवून सांगतं, गवंडी तिथं चुना लावतो आणि जोतं चार बोटं वर घेतो. नारळबिरळ सगळं त्याच्यानंतर. गाव पंचगंगेच्या वळणावर, हातकणंगल्याच्या खालच्या अंगाला. रानं काळी, ऊस दांडगा, आणि पूर म्हणजे वर्षातनं एकदा येणारा नात्यातला माणूस. येणार, दोन दिवस बसणार, जाणार. त्याला किती जागा सोडायची ते त्याला बघितलेल्या माणसानंच सांगावं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं.

गंगव्वाचं आधीचं घर असंच उभं राहिलेलं. तेव्हा तिच्या सासऱ्यानं गुडघ्यावर हात ठेवला होता आणि अल्लाउद्दीनच्या बापानं तिथं चुना लावला होता. अल्लाउद्दीन त्या वेळी बापाच्या हाताखाली चिखल तुडवायला होता. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती. त्या घरात गंगव्वाचा सगळा संसार झाला आणि पाणी कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. दोन हजार पाचच्या आषाढात ते आलं. आधी उंबऱ्याला लागलं, मग कमरेला लागलं, आणि गंगव्वा खाटेवर मांडी घालून बसली होती. "मामंजींनी पानी दावलंय. ह्याच्या वर न्हाय येत," एवढंच ती म्हणत राहिली. मागची भिंत बसली तेव्हा उठली. तिचा लेक सिद्धराम यानं गुऱ्हाळावरची काहिल, गुळाची ती भलीमोठी कढई, ढकलत आणली आणि तिच्यात पोटुशी बायको, सुष्मिता, बसवली. छातीएवढ्या पाण्यातनं काहिल ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. त्या दिवशी गल्लीतली मातीची घरं एकामागून एक खाली बसत होती. अल्लाउद्दीन शाळेच्या गच्चीवरनं बघत होता. प्रत्येक भिंत त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातची. तो रडला, आणि कुणी बघतंय का याची त्यानं फिकीर केली नाही.

दिवाळीत सुष्मिताला मुलगी झाली. सौंदर्या नाव ठेवलं. आता शिवरात्र उलटून गेली होती, घरदार पत्र्याच्या शेडात होतं, आणि पाऊस यायच्या आत जोतं होऊन वर चार भिंती उभ्या करायच्या होत्या. म्हणून गंगव्वा गळ्याशी हात धरून उभी होती.

"लई उंच झालं," शेजारचा आकाराम आपल्या दारातनं म्हणाला. "गळ्यापतोर जोतं? किल्ला बांधतोस का काय सिद्धराम?"

आकाराम पंचायतीचा मेंबर. अंगानं ताडमाड, आवाज त्याहून मोठा. गल्लीत एकट्या त्याचं घर दगडी, त्यामुळं एकट्याचं टिकलं होतं, आणि पाण्याचा तपकिरी डाग त्याच्या भिंतीवर अजून होता. गंगव्वाचा गळा आणि तो डाग तंतोतंत जुळत होते.

"आलतं तेवडं घ्याला नको?" सिद्धराम म्हणाला.

"घे बाबा. पन तुझ्या अंगनातलं पानी माझ्या दारात उतरलं तर मी गप बसनार न्हाय. आत्ताच सांगतो."

* * *

त्याच आठवड्यात कृष्णात नावाचे सरकारी इंजिनियर आले. ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीला, गाव कुठलंतरी भोगावतीच्या काठचं. उन्हानं चेहरा रापलेला, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. तीन पायांवर दुर्बीण मांडून त्यांनी नदीपासून वर गल्लीपर्यंत मापं घेतली. पोरं मागनं फिरली, कुत्रीही फिरली. शेवटी गल्लीत धड भिंत एकच म्हणून साहेबांनी आकारामच्या भिंतीवर पुराच्या डागाच्या हातभर वर लाल रंगाची रेघ ओढली.

गल्ली जमली. आकाराम कमरेवर हात ठेवून उभा.

"साहेब, ह्ये कुठल्या सालचं पानी?"

"हे अजून आलेलं नाही," कृष्णात म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. कळल्यावर गल्ली खदखदून हसली. साहेब ब्रश वर धरून तसेच उभे राहिले. ब्रशातनं लाल रंग त्यांच्या मनगटावर ओघळत होता.

"मंग आनि जरा वर मारा की," आकाराम म्हणाला. "न आलेलंच मारायचं तर कंजुषी कशाला? कौलावर मारा. आमी झाडावर ऱ्हातो."

साहेबांनी सांगायचा प्रयत्न केला. या रेघेच्या खाली नवीन बांधकाम नको असा नियम जिल्ह्यात येऊ घातलाय, त्यासाठी गावोगाव रेघा मारायचं काम चाललंय, ग्रामसभेनं ठराव केला तर बरं होईल. 'नियम' हा शब्द ऐकला आणि हसणं थांबलं. मग जो तो बोलायला लागला. जागेला गिऱ्हाईक मिळणार नाही. पोरांची लग्नं होणार नाहीत. इथं कुणाच्या बापानं एवढं पाणी बघितलंय? माणूस हसत होता तोवर साहेबांची बाजू बरी होती.

दुसऱ्या दिवशी रेघेवर शेण फासलेलं दिसलं. चांगलं ताजं, हाताचा पंजा उमटलेला. पंजा मोठा होता. कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे म्हणत होते, काय की बाबा.

* * *

जोत्याचं काम सुरू झालं. पडलेल्या घराच्या पायातला डबर उपसून काढला, माळावरनं मुरूम आणला. अल्लाउद्दीन दगड लावत पुढं सरकायचा, एक दगड चार वेळा फिरवून बघायचा, मनासारखा बसला की थापीच्या दांड्यानं ठोकून 'हां' म्हणायचा. मागनं सिद्धराम आणि सुष्मिता मुरूम भरायची. एक थर पडला की गंगव्वा कळशीनं पाणी मारायची आणि सिद्धराम धुम्मस घेऊन चोपायला लागायचा. ते लोखंडी धूड उचलून आपटताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. तो दमला की सुष्मिता घ्यायची. तिला पुरं उचलायचं नाही, पण अर्धं उचलून ती दुप्पट वेळा आपटायची. कडुनिंबाला झोळी बांधली होती, तिच्यात सौंदर्या. धुम्मस पडली की झोळी हलायची आणि पोर गप्प राहायची. धुम्मस थांबली की रडायची.

"हिला कामकरी बाप पायजे," अल्लाउद्दीन म्हणायचा. "बसलेला चालत न्हाय."

अशाच एका सकाळी कृष्णात पुन्हा आले. आज एकटेच, हातात रंगाचा डबा आणि पत्र्याचा तुकडा. आकाराम उसाला पाणी पाजायला गेला होता. साहेबांनी वाळलेलं शेण खरवडायला सुरुवात केली. सुष्मितानं धुम्मस खाली ठेवली, तांब्या भरून त्यांच्यापाशी गेली.

"साहेब, पानी घ्या. आनि खरं सांगा. ह्ये येनार हाय का?"

त्यांनी तांब्या वरनं ओतून घेतला, तोंड पुसलं.

"तुमचं माहेर कुठलं?"

"राधानगरीच्या वर. धरनाच्या अंगाला."

"मग तुम्हाला सोपं जाईल. तुमच्याकडं पाऊस पूर्वी कसा पडायचा?"

"महिनंच्या महिनं. झिमझिम, बारीक, थांबायचाच न्हाय. आता थांबतो. थांबतो आनि मंग कोसळतो. गेल्या साली बाबांच्या भाताचा बांधच गेला."

"तेच सांगतोय मी. तेवढाच पाऊस, थोड्या दिवसात. समुद्र तापतोय, हवा तापतीय. तापलेली हवा म्हणजे मोठी पखाल. जास्त पाणी भरून घेते आणि ओतते ते एकदम. धरणाला एकदम घेता येत नाही, नदीला एकदम नेता येत नाही. जगभर लोक ह्याचा अभ्यास करतायत. आम्ही आमच्या नदीपुरता हिशेब मांडला. तर ही रेघ आली."

"कुठल्या साली येनार?"

"ते सांगता येत नाही. पुढच्या साली येईल, नाहीतर ही पोरगी पन्नाशीची झाल्यावर येईल. साल मी सांगितलं तर समजायचं खोटं बोलतोय."

सुष्मिता त्यांच्याकडं बघत राहिली. माहेरच्या पावसाचं कोडं गेली कित्येक वर्षं तिच्या डोक्यात होतं. बापाला विचारलं तर देवाचा कोप म्हणायचा, नवऱ्याला विचारलं तर गप्प बसायचा. कुणीतरी पहिल्यांदा तिला सरळ उत्तर दिलं होतं, आणि जे माहीत नाही तेही सरळ सांगितलं होतं. तिला त्या माणसाचा भरवसा वाटला.

साहेबांनी नवी रेघ ओढली. "पुन्हा शेण लावतील," ते म्हणाले.

"लावंनात. म्हसरं हायत तवर शेन ऱ्हानार," सुष्मिता म्हणाली.

* * *

दुपारी शेडात भाकरी खायला बसले तेव्हा तिनं विषय काढला. पत्रा तापला होता, सगळ्यांच्या मानेवरनं घाम गळत होता.

"आत्ती, जोतं लाल रेघंपतोर घेऊया."

गंगव्वाचा घास हातात राहिला.

"मंग मी कशाला हुबा ऱ्हायलो?"

"तसं न्हवं..."

"तसंच हाय. आजपतोर गावात कुनाच्या म्हाताऱ्याचं पानी खोटं पाडलं न्हाय कुनी. माझंच पाडा. परक्या मानसानं भितीवर रंग फासला, त्ये खरं." तिचा आवाज चढला. "आनि मी तितं चढू कशी? माझं गुडगं बगितल्यास? म्हस चढनार हाय व्हय तुझी त्या डोंगरावर?"

सिद्धराम खाली मान घालून कांदा फोडत होता. त्याला दोन्हीकडं बघवत नव्हतं.

"तुमचं पानी खोटं न्हाय, आत्ती. तुमचं होऊन गेलं," सुष्मिता म्हणाली. ती थांबली, तिला थांबायचं होतं, पण जमलं नाही. "काहिलीत मी बसलोतो. पोटात ही होती. काहिल गिरक्या घेत होती आनि मी एका हातानं पोट धरलंतं, एका हातानं काठ. तुमी मामंजींचं पानी, मामंजींचं पानी म्हनत खाटंवर बसलासा. भिंत आमच्यावर पडली असती म्हंजे?"

एवढ्या महिन्यांत हे कुणी बोललं नव्हतं. गंगव्वानं घास ताटलीत ठेवला, हात धुतला आणि उठून म्हशीकडं गेली. म्हशीच्या अंगावर हात फिरवायला लागली.

"कशाला बोललीस?" सिद्धराम म्हणाला.

"तुमी बोलला असता तर मला बोलाय लागलं नसतं."

त्यानंतर चार-सहा दिवस सासूसुनेत बोलणं नव्हतं. काम मात्र थांबलं नाही. गंगव्वा पाणी मारायची, सुष्मिता चोपायची, आणि दोघींच्या मधे सौंदर्या एकीकडनं दुसरीकडं जायची. पोरीला कडेवर घेताना गंगव्वा तिच्याशी आपल्या माहेरच्या कन्नडात पुटपुटायची. सुष्मिताला सगळं कळत नव्हतं, म्हणून तिनं गृहीत धरलं की आपल्याबद्दलच चाललंय. वास्तविक म्हातारी स्वतःला शिव्या घालत होती. हे तिनं पुढं मला सांगितलं, आणि सांगताना पुन्हा एकदा घातल्या.

* * *

जोतं बांबूवरच्या चुन्याला लागलं, वर चार बोटं झालं. अल्लाउद्दीननं ओळंबा सोडून चारी कोपरे तपासले. मग बादलीत थापी धुतली. थापी धुतली की जोतं संपलं असं समजायचं.

"मिस्त्री, धुऊ नका," सुष्मिता म्हणाली. "अजून घ्यायचं हाय."

अल्लाउद्दीननं सिद्धरामकडं बघितलं. सिद्धरामनं धुम्मस भुईवर टेकवली.

"व्हय," तो म्हणाला. "घ्या." बायकोच्या बाजूनं चारचौघांत बोलायची त्याची ही पहिली वेळ, त्यामुळं आवाज जरा फाटला.

"कुटवर?"

"रेघंवर."

आकाराम आपल्या दारात दात कोरत होता, तो पुढं आला. "आलं का डोंगराचं खूळ? तू वर बसनार आनि मी काय तुझ्या गटारात बसू? तुझ्या अंगनाचं पानी..."

"तुझ्या भितीकडनं पक्की नाली काढून नदीकडं सोडतो," सिद्धराम म्हणाला. "आजवर तुझ्या कौलाचं पानी माझ्या अंगनात पडत आलंय. मी कदी बोललो?"

आकाराम अल्लाउद्दीनकडं वळला. "मिस्त्री, तुमी तरी सांगा ह्यांना."

अल्लाउद्दीन थापी पुसत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पेच होता. "सिद्धराम, दगड लावायला माझं काय जातंय. भराव वाढला की खालचा पाया रुंद करावा लागंल, त्ये बी करीन. पन माझ्या बापानं मला एकच शिकवलं. साक्षीबिगर जोतं घालायचं न्हाय. कुनीतरी हुबं ऱ्हावं लागतंय. हितं पानी आलतं असं सांगावं लागतंय. उद्या भिंतीला काय झालं, गावानं इचारलं, कुनाच्या पान्यावर बांधलंस? तर मी कुनाचं नाव घेऊ? साहेबाचं? साहेब बदलून गेल्याला असनार."

"बापाच्या साक्षीच्या भिंती कुटं हायत सगळ्या?" सुष्मितानं विचारलं.

हे त्याला लागलं. गल्लीतली दोनचार माणसं जमली होती. झोळीत सौंदर्या रडायला लागली, कारण धुम्मस थांबली होती.

"बघितलेलं पानी दावनारं मानूस असतंय," अल्लाउद्दीन हळू म्हणाला. "न बघितलेलं कोन दावनार, वहिनी?"

"जी बघनार हाय ती दावंल."

गंगव्वा बोलली होती. कळशी खाली ठेवून ती झोळीपाशी गेली, सौंदर्याला उचललं, पदरानं तिचं नाक पुसलं. मग जोत्याच्या कोपऱ्याशी, जिथं त्या दिवशी उभी होती तिथंच, चपला काढून उभी राहिली. पोरीला उचलून तिनं आपल्या उजव्या खांद्यावर बसवलं. दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. पोरगी उंचावरनं सगळ्यांकडं बघायला लागली आणि रडायची थांबली.

"अल्लादीन, बांबू आन," गंगव्वा म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं दावलेल्या पान्यावर मी इस्वास ठिवला. त्यो खोटा न्हवता. पन त्याच्या भरवशावर मी बसून ऱ्हायलो आनि ह्या पोरीला काहिलीत घालायची पाळी आनली. चूक माझी हाय. सुशे, माझी हाय ती." सुनेकडं ती बघत नव्हती, समोर आकारामच्या भिंतीकडं बघत होती. "माझं पानी झालं. मी काय आता लई बघनार न्हाय. हिचं यायचं हाय. हिला इचार."

अल्लाउद्दीननं बांबू आणला. तिच्या शेजारी उभा केला. खरं तर तो हसला असता, पण म्हातारी पोरीला खाली घेत नव्हती. त्यानं चुन्यात बोट बुडवलं. आणि रीत होती तसं, मोठ्या माणसाला विचारतात तसं, पोरीला विचारलं.

"सांगा अव्वा. कुटवर आलतं?"

सौंदर्यानं त्याच्या पांढऱ्या बोटाकडं बघितलं, दाढीकडं बघितलं आणि मूठ तोंडात घातली.

"तोंडापतोर म्हनती," गंगव्वा म्हणाली.

अल्लाउद्दीननं तोंडाच्या रेषेत चुन्याचा पट्टा ओढला. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली, एक टोक बांबूवर धरलं, दुसरं सिद्धरामनं आकारामच्या भिंतीला लावलं. नळीतलं पाणी वरखाली झालं आणि स्थिर झालं. लाल रेघेच्या दोन बोटं वर.

"साहेबापेक्षा दोन बोटं जास्तच सांगितलं," सिद्धराम म्हणाला. पहिल्यांदाच त्या दिवशी कुणीतरी हसलं, आणि ते हसणं साहेबांच्या वाट्याला आलेल्या हसण्यासारखं नव्हतं.

अल्लाउद्दीननं पुसून ठेवलेली थापी उचलली. "चला," तो म्हणाला. "पाया उकरा. भायेरनं हातभर रुंद घेऊ."

सुष्मिता पुढं झाली, पोरीला सासूच्या खांद्यावरनं उतरवून घेतलं. गंगव्वाचा खांदा तिनं दाबून धरला, कारण तो आखडला होता. "दुकतंय?" तिनं विचारलं. "दुकंल न्हाय तर काय," गंगव्वा म्हणाली. अबोला असा संपला.

* * *

जोतं वर गेलं. माणसं येऊन बघून जायची, टिंगल करायची. कुणी गड म्हणायचं, कुणी विमानतळ. म्हशीसाठी आणि गंगव्वाच्या गुडघ्यांसाठी अल्लाउद्दीननं बाजूनं दगडी उतार काढला, लांबलचक, चढताना दम लागणार नाही असा. पहिल्या दिवशी म्हैस चढेना. गंगव्वा तिची वेसण धरून पुढं झाली, दोघी डुलत डुलत वर गेल्या आणि वर जाऊन दोघींनी मागं वळून बघितलं. तिथनं नदी दिसत होती. उन्हाळ्यातली नदी, तळाशी गेलेली, बायका धुणं धुत होत्या. एवढ्याशा त्या पाण्याचं भय बाळगणं खरंच वेडेपणाचं वाटत होतं. गंगव्वानं नदीकडं नीट बघून घेतलं.

एक मेला ग्रामसभा झाली. कृष्णात साहेब आले होते. ठराव पुढं आला: लाल रेघेच्या खाली नवीन घराचं जोतं घालायचं नाही. आकारामनं माइक हातात घेतला आणि सोडला नाही. साहेबांची हवा, समुद्र, पखाल, सगळ्याचा त्यानं समाचार घेतला. गाव नदीकाठचं आहे, नदीकाठीच राहणार, शाहूपुरीतल्या पंख्याखाली बसून आम्हाला शिकवू नका. टाळ्या पडल्या. सुष्मिता उठून उभी राहिली आणि एकच बोलली, "ज्यांच्या घरात भिंत पडली त्यांनी हात वर करा, आनि मंग टाळ्या वाजवा." काही हात वर गेले, काही टाळ्या थांबल्या. ठराव पुढच्या सभेवर ढकलला. साहेब पाणी पिऊन गेले. जाता जाता गल्लीतनं गेले, जोतं बघितलं, बांबूवरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांचा अर्थ सिद्धरामनं त्यांना सांगितला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या गावालाही असंच हसू पचवायला जायचं होतं त्यांना, पण चालताना पाय जरा हलके दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगव्वा सौंदर्याला मांडीवर घेऊन उताराच्या वरच्या टोकाला कोवळ्या उन्हात बसली होती. खाली आकाराम येऊन उभा राहिला. घसा खाकरला. उसाचं विचारलं, म्हशीचं विचारलं, पाऊस औंदा कसा होतोय म्हणाला. गंगव्वा हूं हूं करत राहिली.

"मागची खोली काढतोय," शेवटी तो म्हणाला. "पोराचं लगीन हाय. अल्लाउद्दीन उद्या येतोय जोत्याला."

"बरं हाय की."

"आमच्यात तान्हं कोन न्हाय."

गंगव्वानं पोरीच्या डोक्यावरची कुंची सारखी केली. आकाराम उन्हात उभा होता, त्याची सावली उतारावर अर्ध्यापर्यंत आली होती.

"उद्या सौंदर्याला जरा आमच्याकडं धाडा म्हनत होतो."

"काल तर मायकात वरडत हुतास."

"त्ये मायकात," आकाराम म्हणाला.

गंगव्वानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. गावात त्याच्याएवढं उंच कुणी नव्हतं.

"धाडतो. पन खांद्यावर तू घेनार असशील तर इचार कर. तुझ्या उंचीवर ही बसली तर माझ्यापेक्षा बी वर दावंल पानी. दगूड जास्ती लागंल."

आकाराम उतार चढून वर आला. पोरीसाठी त्यानं दोन्ही हात पुढं केले, ते मोठे पंजे.

"दावू दे की," तो म्हणाला.